दुसरी नळी

मागच्या महिन्यात कराडला मावसबहिणीच्या मुलाचं लग्न होतं. पंगतीत माझ्या शेजारी मुलीकडचे एक काका बसले होते. बहीण वाढता वाढता थांबली आणि त्यांना म्हणाली, "ही आमची ताई. पुण्याला शिकत असताना हिने पाण्यातून हायड्रोजन काढला होता, नुसत्या उन्हावर!" काकांनी हातातली जिलबी ताटात ठेवली. "मग गाड्या का नाही अजून चालत पाण्यावर?" मी नुसतीच हसले आणि मठ्ठ्याची वाटी पुढे ओढली.

हे वाक्य आमच्या गोतावळ्यात गेली वीस वर्षं फिरतंय. अप्पांनी ते सगळ्यांना सांगितलं, आणि अप्पांना ते मी सांगितलं होतं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. ब्लॉगवर बरेच दिवस काही लिहिणं झालं नव्हतं. लग्नाहून परतताना एसटीत बसल्या बसल्या ठरवलं, आता हेच लिहायचं. नातेवाईक मंडळी इथे वाचतात हे मला ठाऊक आहे (कमेंट टाकत नाहीत, थेट फोन करतात!). तर हे त्यांच्यासाठी, आणि पाणी, ऊन आणि हायड्रोजन यांची गोष्ट कशी घडत गेली हे ज्यांना वाचायला आवडेल त्यांच्यासाठी. रसायनशास्त्राचं नाव ऐकून पळू नका. सूत्र एकही येणार नाही.

*

सुरुवात अप्पांपासूनच करते. अप्पा सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. पाण्याचं विघटन हा त्यांचा सगळ्यात आवडता प्रयोग. एका काचेच्या भांड्यात पाणी, त्यात आम्लाचे चार थेंब, जुन्या सेलमधून काढलेल्या दोन कार्बनच्या कांड्या, आणि त्यांवर पाण्याने भरून उपड्या घातलेल्या दोन परीक्षानळ्या. विजेरीचे चार सेल जोडले की कांड्यांवर बारीक बुडबुडे धरायचे. तास संपत आला की एका नळीत जितका वायू, त्याच्या साधारण दुप्पट दुसरीत.

मग कार्यक्रम. जास्त भरलेल्या नळीच्या तोंडाशी पेटती काडी नेली की "फट्!" असा आवाज व्हायचा आणि वर्ग टाळ्या वाजवायचा. हायड्रोजन. पोरांच्या लेखी प्रयोग तिथेच संपलेला असायचा. अप्पा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. "थांबा. दुसरी नळी राहिली." मग विझत आलेली उदबत्ती त्या नळीत घालायची, आणि ती लखकन पेटायची. ऑक्सिजन. अप्पांचा नियमच होता, दोन्ही नळ्या दाखवल्याशिवाय पाणी फोडलं असं म्हणायचं नाही.

शेवटी ते एक संपलेला सेल फोडून दाखवायचे. आतलं जस्ताचं डबडं खाल्ल्यासारखं झालेलं असायचं. "वीज फुकट आली नाही. या जस्ताने पैसे भरले."

हा प्रयोग पहिल्यांदा झाला १८०० साली, लंडनमध्ये. इटलीत व्होल्टाने विजेची पहिली बॅटरी बनवल्याची बातमी तिथे पोचली आणि काही आठवड्यांतच विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी तशी बॅटरी रचून तिच्या तारा पाण्यात सोडल्या. दोन तारांवर दोन वायू. पाणी हे मूलद्रव्य नाही यावर तो आणखी एक शिक्का होता. पण तेव्हापासून एक स्वप्नही माणसांच्या डोक्यात शिरलं. पाण्यातून हायड्रोजन निघतो, तो जळतो, आणि जळून पुन्हा पाणीच होतं. मग कोळसा कशाला हवा? ज्यूल व्हर्नच्या १८७४-७५ च्या 'मिस्टीरियस आयलंड' कादंबरीतला इंजिनीअर हेच सांगतो, की कोळसा संपला तर पुढे माणसं पाणी जाळतील. पाणी फोडायला लागणारी शक्ती कुठून आणायची, तो खर्च कुणी करायचा, हे मात्र तो सांगत नाही.

त्याचं उत्तर सुचवलं जाकोमो चामिचान या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने. बोलोन्याच्या विद्यापीठात हा माणूस गच्चीवर काचेच्या शेकडो बाटल्या आणि चंबू उन्हात मांडून ठेवायचा. आतल्या रसायनांचं उन्हाने काय होतं ते पाहायचं, हा उद्योग. १९१२ साली न्यूयॉर्कला त्याने एक व्याख्यान दिलं. आपण जाळतो तो कोळसा म्हणजे साठवलेलं जुनं ऊन आहे, वनस्पतींना जे जमतं ते आपल्याला काचेच्या भांड्यात जमलं पाहिजे, आणि मग ओसाड वाळवंटांमध्ये धूर नसलेले कारखाने उभे राहतील, असा त्याचा सूर होता. १९१२! आपल्याकडे तेव्हा रॉकेलचा दिवा हीसुद्धा नवलाई होती.

स्वप्न ठीक, पण उन्हाचा हात धरून पाणी फोडणारा पदार्थ कोणता?

*

तो सापडला १९६७ च्या वसंतात, टोकियो विद्यापीठात. अकिरा फुजिशिमा हा पंचविशीतला विद्यार्थी केनिची होंडा यांच्या हाताखाली काम करत होता. पाण्यात बुडवलेल्या अर्धवाहक पदार्थावर उजेड टाकला की काय होतं, हा त्याचा विषय. आधी त्याने झिंक ऑक्साइड घेऊन पाहिलं होतं, पण उजेड पडला की ते पाण्यात विरघळायला लागायचं. मग त्याने टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक घेतला. घराच्या भिंतीला लावायच्या पांढऱ्या रंगात असतं तेच हे. झेनॉनच्या दिव्याचा झोत टाकला, तशी स्फटिकावर बुडबुडे धरले, आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवरही धरले. इकडे ऑक्सिजन, तिकडे हायड्रोजन. दिवा बंद केला की बुडबुडे बंद. आणि स्फटिक? जसाच्या तसा, लखलखीत. झिजला नाही.

जपानमधल्या जाणत्या विद्युत-रसायनतज्ज्ञांनी आधी विश्वास ठेवला नाही. इतक्या कमी दाबाला ऑक्सिजन निघणं शक्यच नाही, म्हणाले. बॅटरीने जे काम करायचं त्यातलं बहुतेक काम इथे उजेड करतोय, हे गळी उतरायला वेळ लागला. (सगळं काम नव्हे. स्फटिकाला थोडा बाहेरचा आधार लागायचा. पण थोडाच.) शेवटी जुलै १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा जेमतेम दोन पानांचा लेख आला.

आणि मग इतिहासाने हात दिला. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत सुमारे चौपट झाल्या. जवळजवळ सगळं तेल बाहेरून आणणाऱ्या जपानचे धाबे दणाणले. १ जानेवारी १९७४ ला 'असाही शिंबुन'च्या पहिल्या पानावर बातमी झळकली, ऊन आणि पाणी यांपासून इंधन. फुजिशिमा एका दिवसात देशाला ठाऊक झाला.

पुढे त्याने टायटॅनियमचे पत्रे तापवून त्यांवर ऑक्साइडचा थर आणला आणि ते उघड्यावर उन्हात ठेवले. एक चौरस मीटर पत्र्यावर दिवसभरात सुमारे ७ लिटर हायड्रोजन मिळाला. ७ लिटर ऐकायला बरं वाटतं. मी हिशेब करून पाहिला. तेवढा हायड्रोजन जाळून एक कप चहाचं पाणी उकळेल, फार तर दीड कप. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढं ऊन खाऊन एक कप चहा!

असं का, हे त्या पावडरीच्या रंगातच लिहिलेलं आहे, आणि पुढची पन्नास वर्षं त्या रंगाशीच झगडण्यात गेली.

*

फोटोकॅटॅलिस्ट, म्हणजे प्रकाशावर चालणारा उत्प्रेरक, काम कसं करतो ते फडताळाच्या भाषेत सांगते. दोन कप्पे आहेत समजा. खालच्या कप्प्यात इलेक्ट्रॉन ठेवलेले, वरचा रिकामा. उजेडाचा कण आला आणि त्याच्यात पुरेशी ताकद असली तर तो एक इलेक्ट्रॉन वरच्या कप्प्यात फेकतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्याला दिला की हायड्रोजन सुटतो. खाली जी जागा रिकामी झाली ती पाण्याकडूनच दुसरा इलेक्ट्रॉन ओढून घेते, आणि ऑक्सिजन सुटतो. हिशेब मिटला. पावडर पुन्हा पहिल्यासारखी, पुढच्या कणासाठी तयार.

पाणी फोडायला कागदोपत्री १.२३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढंच अंतर पुरतं (प्रत्यक्षात जरा जास्त लागतं). टायटॅनियम डायऑक्साइडच्या दोन कप्प्यांत मात्र ३ किंवा त्याहून थोडं जास्त अंतर आहे. तेवढी उडी मारून देणारी ताकद फक्त अतिनील किरणांत असते, आणि उन्हात ते शंभरातले चार-पाच. आपल्याला दिसणारा उजेड, उन्हाचा जवळजवळ निम्मा भाग, त्या पावडरीवर पडतो आणि जसाच्या तसा परततो. म्हणून तर ती पांढरी दिसते! पांढरा रंग म्हणजे सगळा उजेड नाकारलेला. उजेड खाणारी पावडर रंगीत असते. निळा-जांभळा उजेड खाल्ला की ती पिवळी दिसते, हिरवाही खाल्ला की केशरी-लाल.

मग पिवळी पावडर घ्या की! एवढंच असतं तर काय हवं होतं. ऑक्साइडांमध्ये खालचा कप्पा ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांनी बनलेला असतो आणि तो फार खोल असतो. वरचा कप्पा खाली आणावा तर तिथला इलेक्ट्रॉन हायड्रोजन सोडवण्याइतका उंचीवर राहत नाही. म्हणजे खालचा कप्पाच वर उचलायचा. त्यासाठी ऑक्सिजनच्या जागी गंधक किंवा नायट्रोजन घालायचा. कॅडमियम सल्फाइड हे त्यातलं सगळ्यात जुनं उदाहरण. चित्रकारांच्या पेटीतला कॅडमियम यलो तो हाच. अंतर २.४, कप्पे दोन्हीकडे बरोबर जागी. कागदावर बघितलं तर देवाने पाणी फोडण्यासाठीच बनवलाय असं वाटावं.

गोम अशी, की खालच्या कप्प्यात झालेली रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन घेण्याच्या आधी स्वतःच्याच गंधकाकडून घेते. म्हणजे पावडर पाणी फोडायचं सोडून स्वतःलाच खात बसते. फुजिशिमाचं झिंक ऑक्साइड विरघळलं होतं तसंच. पांढरी पावडर टिकते पण ऊन खात नाही, पिवळी ऊन खाते पण टिकत नाही. चाळीसेक वर्षांच्या संशोधनाचं सार या एका वाक्यात मावतं.

यावर १९८० च्या दशकात एक तोड रूढ झाली. पाण्यात सोडियम सल्फाइड आणि सल्फाइट असे दुसरे पदार्थ विरघळवून ठेवायचे. ते रिकाम्या जागेला आनंदाने इलेक्ट्रॉन देतात, त्यामुळे पावडर वाचते. इंग्रजीत त्यांना सॅक्रिफिशियल म्हणतात. बळीचे बकरे. हायड्रोजन भरपूर निघतो. ऑक्सिजन निघत नाही.

*

आता मी येते.

२००४ ते २००८ मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत होते. माझी पावडर कॅडमियम सल्फाइडच्याच कुळातली. दोन द्रावणं एकत्र केली की झेंडूसारखा पिवळाधमक साका बसायचा. तो धुवायचा, वाळवायचा, त्यावर प्लॅटिनमचे कण बसवायचे. मग काचेच्या भांड्यात सल्फाइड-सल्फाइटचं पाणी, त्यात पावडर, खाली चुंबकाचं ढवळणं, समोर झेनॉनचा दिवा आणि मध्ये अतिनील किरण अडवणारी काच. दर अर्ध्या तासाने सिरिंजने थोडा वायू काढून यंत्रात टोचायचा आणि कागदावर हायड्रोजनचा उंचवटा उमटतो का बघायचं. माझ्या ओढण्यांना सडक्या अंड्याचा वास यायचा. हॉस्टेलवर माझ्या खोलीतली मैत्रीण दार उघडायच्या आधी नाक दाबायची.

२००५ च्या पावसाळ्यात एका दुपारी तो उंचवटा आला. चांगला डोंगराएवढा! त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. "अप्पा, निघाला! पाण्यातून हायड्रोजन. साध्या दिसणाऱ्या उजेडावर."

अप्पा काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, "वा. आणि दुसऱ्या नळीत काय जमलं?"

दुसऱ्या नळीत काही जमलं नव्हतं, आणि जमणारही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्याच यंत्राच्या कागदावर ऑक्सिजनच्या जागी सपाट रेघ होती. मी म्हणाले, "ते अजून मोजलं नाही, अप्पा."

"बरं. मोजलं की सांग."

एवढंच. ते पुन्हा कधी विचारायचे नाहीत, आणि मीही कधी सांगितलं नाही.

आता कुणी म्हणेल, यात काय मोठंसं. हायड्रोजनचे अणू पाण्यातलेच होते ना? होते. पण पाणी फोडणं म्हणजे चढण चढणं आहे. उन्हाची ताकद त्या चढणीत साठते, म्हणून तर पुढे हायड्रोजन जाळून ती परत मिळते. सल्फाइडकडून इलेक्ट्रॉन घेणं म्हणजे जवळजवळ सपाट रस्ता. पैसे सल्फाइडने भरले, आणि ते सल्फाइड आम्ही बाटलीतून विकत आणून ओतत होतो. संपलं की हायड्रोजनही संपला. अप्पांच्या सेलमधलं जस्त आणि माझं सल्फाइड यांत फारसा फरक नव्हता. अप्पांनी निदान सेल फोडून दाखवला असता.

माझ्या पोस्टरचं शीर्षक होतं 'दृश्य प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन'. सल्फाइडचा उल्लेख खाली बारीक अक्षरात, कृतीमध्ये. तसं लिही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. जगभर बरेच जण तसंच लिहायचे, जाणकारांना त्यातलं कळायचं. घरी फोन करणाऱ्या मुलीच्या वडिलांना ते कळत नाही एवढंच. (माझ्या वडिलांना मात्र कळलं.)

सरळ लिहिणारेही होते, आणि लांब नव्हते. पुण्यातच, पाषाण रस्त्याजवळच्या सी-मेट या संस्थेतले डॉ. भारत काळे आणि त्यांच्या कोरियातल्या सहकाऱ्यांनी २००६ साली कॅडमियम इंडियम सल्फाइडवरचं काम छापलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पावडरीचे कण पाकळ्यापाकळ्यांचे गोंडे दिसतात, म्हणून शीर्षकातच त्यांना 'मेरीगोल्ड', झेंडू, असं म्हटलंय. दसऱ्याला दारावर झेंडू बांधणाऱ्या आपल्या लोकांना याहून चांगलं नाव कुठलं सुचणार! पण मला आवडलं ते वेगळंच. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू उजेडात फोडून त्यातून हायड्रोजन काढायचा, असं त्यांनी स्वच्छ म्हटलं होतं. तेलशुद्धीकरण कारखान्यांत हा वायू भरमसाट निघतो, त्यातलं गंधक वेगळं काढतात पण हायड्रोजनचं पाणी होऊन तो वाया जातो. तो मिळवायचा. काय फुटतंय आणि किंमत कोण देतंय, दोन्ही पहिल्यापासून उघड.

*

आणि खरोखर पाणी फोडण्याचं काय झालं? ती गोष्ट काझुनारी डोमेन या माणसाभोवती फिरते. १९८० साली, टोकियोत विद्यार्थी असताना, स्ट्रॉन्शियम टायटॅनेटच्या पावडरीवर निकेल ऑक्साइड बसवून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाण्याची वाफ फोडली होती. तार नाही, बॅटरी नाही, नुसती पावडर आणि उजेड, आणि दोन्ही वायू. पण पावडर पांढरी, उजेड अतिनील. पिवळ्या पावडरीसाठी त्याने पुढची कित्येक वर्षं घालवली. २००१ मध्ये जपानमधल्याच त्सुकुबाच्या एका गटाने इंडियम, निकेल आणि टँटलमच्या ऑक्साइडवर दृश्य प्रकाशात दोन्ही वायू दाखवले, पण पावडरीत शिरलेल्या उजेडाच्या शंभर कणांमागे एकसुद्धा धड कामी येत नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत मोठ्या मुलांनी तो लेख भिंतीला चिकटवला होता.

मार्च २००६ मध्ये ग्रंथालयात 'नेचर'चा अंक चाळताना मला डोमेनच्या गटाचा लेख दिसला. पहिला लेखक काझुहिको माएदा. त्यांनी गॅलियम ऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड या दोन पावडरी एकत्र करून अमोनिया वायूच्या प्रवाहात सुमारे ८५० अंशांवर कित्येक तास भाजल्या. भट्टीतून निघतं ते गॅलियम नायट्राइड आणि झिंक ऑक्साइड यांचं एकजीव मिश्रण. ही दोन्ही वेगवेगळी घेतली तर अतिनील किरणच खातात. एकजीव झाली की पिवळी! हळदीत चुना कालवला की कुंकवासारखा लाल रंग येतो, जो हळदीत नाही आणि चुन्यातही नाही, त्याची आठवण झाली. नायट्रोजन आणि जस्त शेजारी आले की खालचा कप्पा वर उचलला जातो. आणि ही पिवळी पावडर स्वतःला खात नव्हती.

दुसरी अडचण वेगळीच होती. हायड्रोजन सोडवायला पावडरीवर धातूचे कण लागतात. पण शेजारी ऑक्सिजन असला की त्याच कणांवर दोन्ही वायू एकमेकांना भेटून पुन्हा पाणी होतात. केलेलं सगळं वाया. सल्फाइडच्या पाण्यात ही चिंता नव्हती, कारण ऑक्सिजनच नव्हता. त्यांनी ऱ्होडियमच्या जोडीला क्रोमियमचं ऑक्साइड बसवलं आणि ही उलटी वाट जवळजवळ बंद केली.

पण मी थबकले ती आलेखापाशी. त्यात दोन रेघा होत्या, तास जातील तशा चढत जाणाऱ्या. एक दुसरीच्या दुप्पट उंच. हायड्रोजन आणि ऑक्सिजन, दोनास एक. अप्पांच्या परीक्षानळ्या! उजेडाच्या शंभर कणांमागे कामी येत होते जेमतेम अडीच, माझ्या सल्फाइडपुढे किरकोळच. तरी त्या दिवशी मला माझ्या उंचवट्याची लाज वाटली. अप्पांना तेव्हा फोन करायला हवा होता. मी परत प्रयोगशाळेत गेले आणि सिरिंज धुवायला घेतली.

*

त्यानंतरचं थोडक्यात. २००८ च्या शेवटी शिनचेन वांग, मार्कुस अँटोनिएटी आणि डोमेन वगैरे मंडळींनी दाखवलं की कार्बन नायट्राइड नावाची पिवळी पावडर, जिच्यात धातूच नाही, दृश्य प्रकाशात हायड्रोजन काढते. तिच्या जातीचा पदार्थ लीबिगच्या काळापासून, म्हणजे १८३४ पासून माहीत होता. शेतात टाकतो तो युरिया भट्टीत ५५० अंशांपर्यंत तापवूनही ती बनते. जगभरच्या प्रयोगशाळा त्यावर तुटून पडल्या. पण त्या पहिल्या लेखातही हायड्रोजनसाठी बळीचा बकरा लागलाच होता.

मग दोन पावडरींमध्ये काम वाटून द्यायची कल्पना पुढे आली. एकीने हायड्रोजन काढायचा, दुसरीने ऑक्सिजन, मध्ये सोन्याचा थर. २०१६ मध्ये अशा पत्र्याने दृश्य प्रकाशासह उन्हाचा १.१ टक्का हायड्रोजनमध्ये साठवला. २०२० मध्ये डोमेनच्या गटाने जुन्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर अशी कारागिरी केली की अतिनील उजेडाचा जवळजवळ प्रत्येक कण कामी आला, शंभरात ९६ पर्यंत. म्हणजे फडताळाचं तत्त्व शंभर नंबरी खरं आहे, फक्त पांढऱ्या रंगात. २०२१ मध्ये त्याच पावडरीचे १०० चौरस मीटर पॅनेल त्यांनी उघड्या आकाशाखाली कित्येक महिने चालवले. दोन्ही वायू एकत्रच निघतात, म्हणजे स्फोटक मिश्रण. मग त्यांनी ते मुद्दाम पेटवूनही पाहिलं, आणि पॅनेल फुटले नाहीत. (अप्पांना हा भाग फार आवडला असता.) कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.७६ टक्के. २०२३ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात एका छोट्या चकतीवर, भिंगाने ऊन एकवटून आणि पाणी ७० अंशांवर ठेवून, ९.२ टक्के मिळाले. पण तो पदार्थ महाग, आणि चकती फारच लहान.

धंदा म्हणून परवडायला ५ ते १० टक्के, स्वस्त पावडर आणि वर्षानुवर्षं टिकाऊपणा असं तिन्ही एकत्र लागतं. ते अजून जमलेलं नाही. आपल्या सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची योजना मंजूर केली, तिचा भर सौर किंवा पवनविजेवर पाणी फोडण्यावर आहे, म्हणजे अप्पांचाच प्रयोग, मोठा करून. तर कराडच्या काकांना उत्तर असं, की गाड्या पाण्यावर चालणारच नाहीत. चालल्या तर उन्हावर चालतील, पाणी फक्त ते ऊन वाहून आणेल. आणि ते ऊन थेट पकडणारी पिवळी पावडर अजून शोधतायत.

*

अप्पा २०१४ मध्ये गेले. तेराव्याला त्यांच्या शाळेतले एक जुने सहकारी आले होते, गणिताचे मास्तर. बराच वेळ गप्प बसले, मग मला म्हणाले, "तुझं फार कौतुक सांगायचा तो. दर वेळी सांगायचा, पोरीने पाण्यातून हायड्रोजन काढलाय. आणि लगेच म्हणायचा, पण अर्धा प्रयोग झालाय हो, दुसरी नळी राहिली आहे. तिने मोजली की सांगेल."

म्हणजे अप्पांनी वाक्य पुरतं सांगितलं होतं. पुढचं अर्धं आमच्या गोतावळ्याने गाळलं, कारण त्यात टाळ्या नव्हत्या. आणि मी नऊ वर्षं समजत होते की मी त्यांना फसवलं.

तर अप्पा, मोजलं होतं. त्याच दिवशी मोजलं होतं. शून्य होतं.

ता. क. : मावसबहिणीस, पुढच्या लग्नात ओळख करून देशील तेव्हा एवढंच म्हण, "ही आमची ताई, कॉलेजात शिकवते." काकांनी त्यापुढे विचारलंच तर मी आहेच. जिलबी मात्र त्यांना खाऊ दे.